बँक बुडाली तर विमा आहे, पण ‘बीएमटी’ बुडाली तर? इस्लामिक मायक्रोफायनान्समधल्या ठेवींचं संरक्षण, सोप्या भाषेत

समजा, इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या एका बाजारात एक बाई भाजी विकते. रोज दुपारी एक तरुण मोटारसायकलवरून येतो, तिच्याकडून २० हजार रुपिया घेतो आणि तिच्या पासबुकात नोंद करून पुढच्या गाळ्यावर जातो. आपल्याकडे पतसंस्थेचा पिग्मी एजंट येतो ना, अगदी तसंच. वर्षातले ३०० दिवस बाजार भरला, तर तिच्या नावावर ६० लाख रुपिया जमतात. आकडा मोठा वाटतो, पण भारतीय चलनात हे साधारण तीस हजार रुपये होतात. मुलाची फी, सणाचा खर्च, नवीन हातगाडी, सगळं त्यातूनच व्हायचं असतं.

आता प्रश्न असा की, हे पैसे जिथे जमा झाले ती संस्थाच उद्या बंद पडली तर?

याचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं. त्या तरुणाला पाठवणारी संस्था कायद्याने ‘बँक’ आहे की ‘सहकारी संस्था’? दोन्हीकडे कारभार शरियतनुसार, दोन्हीकडे व्याज नाही. दोन्हीकडचं पासबुकही जवळपास सारखंच. पण एकीकडे ठेवीला सरकारी विमा आहे आणि दुसरीकडे काहीच नाही.

थोडक्यात सांगायचं तर:

• इंडोनेशियात इस्लामिक बँकांमधल्या ठेवींना सरकारी ठेव विमा आहे. छोट्या ग्रामीण इस्लामिक बँकाही त्यात येतात.
• ‘बीएमटी’ नावाच्या इस्लामिक मायक्रोफायनान्स संस्थांना हा विमा नाही.
• हे धर्माच्या नियमांमुळे झालेलं नाही. ती अडचण सुटली आहे. खरा प्रश्न परवाना, देखरेख आणि हप्ता कोण भरणार, हा आहे.

आता हे सगळं एकेक करून समजून घेऊ.

बीएमटी म्हणजे नेमकं काय?

बीएमटीचं पूर्ण नाव ‘बैतुल माल वत-तमविल’. नावात दोन भाग आहेत आणि कामाचेही दोन. ‘बैतुल माल’ हा धर्मादाय भाग: जकात आणि दानाचे पैसे गोळा करायचे आणि गरजूंपर्यंत पोहोचवायचे. ‘तमविल’ हा व्यवहाराचा भाग: लोकांची बचत घ्यायची आणि छोट्या व्यावसायिकांना भांडवल द्यायचं.

याची मुळं १९८० च्या दशकात बांडुंग शहरातल्या सलमान मशिदीभोवतीच्या विद्यार्थी चळवळीपर्यंत जातात. १९९२ मध्ये इंडोनेशियाची पहिली इस्लामिक बँक, बँक मुआमलात, सुरू झाली. पण मोठ्या बँकेला बाजारातल्या भाजीवालीचं २० हजारांचं खातं परवडत नाही. ती पोकळी भरायला बीएमटी पुढे आल्या. १९९५ पासून त्यांच्या प्रसारासाठी देशपातळीवर प्रयत्न सुरू झाले आणि मशिदी, बाजार आणि पेसांत्रेन, म्हणजे निवासी इस्लामिक शिक्षणसंस्था, यांच्या आधाराने त्या वाढत गेल्या. पूर्व जावामधल्या सिदोगिरी पेसांत्रेनशी जोडलेली बीएमटी तर अनेक प्रांतांत शाखा असलेली मोठी संस्था झाली.

आज देशात अशा काही हजार संस्था आहेत. बहुतेकांची नोंदणी सहकारी संस्था म्हणून आहे. त्यामुळे त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, बँकांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या नाही. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे, त्यामुळे ते लक्षात ठेवा.

व्याज नाही, मग ठेवीदाराला मिळतं काय?

इस्लामिक वित्तव्यवहारात व्याज घेणं आणि देणं निषिद्ध आहे. म्हणून ठेवी वेगळ्या करारांवर घेतल्या जातात. त्यातले दोन महत्त्वाचे.

पहिला ‘वदिया’. याचा अर्थ सांभाळायला दिलेली अमानत. तुम्ही पैसे ठेवले, संस्थेने ते सांभाळले आणि मागाल तेव्हा पूर्ण परत द्यायचे. संस्था स्वतःच्या मर्जीने थोडी भेट देऊ शकते, पण तसं आधी ठरवून देता येत नाही.

दुसरा ‘मुदारबा’. ही एक प्रकारची भागीदारी आहे. पैसा तुमचा, मेहनत आणि व्यवस्थापन संस्थेचं. नफा झाला तर तो आधी ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. उदाहरणार्थ, ठेवीदाराला ४० टक्के आणि संस्थेला ६० टक्के. हे ४० टक्के म्हणजे ठेवीवरचा परतावा नाही, तर झालेल्या नफ्यातला वाटा. नफाच झाला नाही तर वाटायला काही नाही. आणि तोटा झाला तर? मूळ करारानुसार आर्थिक तोटा भांडवल देणाऱ्याचा, म्हणजे ठेवीदाराचा. मात्र व्यवस्थापनाने हलगर्जी किंवा लबाडी केली असेल, तर जबाबदारी त्याची.

इथेच खरी गाठ आहे. ज्या पैशावर तोटा सोसण्याचं ठेवीदाराने तत्त्वतः मान्य केलं आहे, त्या पैशाला विमा कसा द्यायचा? आणि दिला तर तो करार ‘मुदारबा’ राहतो का?

आधी साधा ठेव विमा कसा चालतो ते पाहू

ठेव विम्याचं तत्त्व सोपं आहे. सगळ्या बँका दरवर्षी थोडे पैसे एका निधीत टाकतात. एखादी बँक बुडाली की त्या निधीतून ठेवीदारांना एका ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे मिळतात.

याचा दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही, पण तोच मोठा आहे. पैसे परत मिळणार हे माहीत असेल, तर अफवा उठली तरी लोक बँकेसमोर रांगा लावत नाहीत. आणि रांगा लागल्या नाहीत तर मुळात धडधाकट असलेली बँक केवळ घबराटीमुळे बुडत नाही.

इंडोनेशियाने हा धडा महागात शिकला. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात नोव्हेंबर महिन्यात सरकारने एकदम १६ बँका बंद केल्या. तेव्हा देशात ठेव विम्याची व्यवस्था नव्हती. पुढचा नंबर कोणत्या बँकेचा, या भीतीने लोकांनी इतर बँकांमधूनही पैसे काढायला सुरुवात केली. शेवटी जानेवारी १९९८ मध्ये सरकारला सगळ्याच बँकांच्या देण्यांची सरसकट हमी घ्यावी लागली. त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडला.

त्यानंतर २००४ मध्ये कायदा झाला आणि सप्टेंबर २००५ पासून ‘लंबागा पंजामिन सिंपानान’, म्हणजेच एलपीएस, ही ठेव विमा संस्था काम करू लागली. सुरुवातीच्या टप्प्यानंतर मर्यादा १० कोटी रुपियांवर आली होती. २००८ च्या जागतिक संकटात, ऑक्टोबर महिन्यात, ती एकदम २ अब्ज रुपिया करण्यात आली. आजच्या विनिमय दराने हे ढोबळमानाने एक कोटी भारतीय रुपये होतात. ही मर्यादा दर बँकेमागे दर ठेवीदाराला आहे.

बँकांनी भरायचा हप्ता सरासरी ठेवींच्या ०.१ टक्का, तोही दर सहामाहीला. म्हणजे वर्षाला ०.२ टक्के. ठेवीदाराला वेगळं काही भरावं लागत नाही.

एलपीएसच्या यादीत सुरुवातीपासून इस्लामिक बँकाही आहेत. वदिया खाती आणि मुदारबा पद्धतीच्या बचत व मुदत ठेवी, दोन्हींना संरक्षण आहे. साध्या बँकांमध्ये एलपीएसने ठरवलेल्या कमाल दरापेक्षा जास्त व्याज घेतलं, तर विम्याचा हक्क जातो. इस्लामिक ठेवींना ही अट लागू नाही, कारण तिथे व्याजच नाही.

शरियतमध्ये हा विमा चालतो का?

हा प्रश्न फक्त इंडोनेशियाला पडलेला नाही. वेगवेगळ्या देशांनी त्यावर वेगवेगळी उत्तरं काढली आहेत.

सुदानने १९९६ मध्येच बँक ठेवींसाठी सुरक्षा निधी उभारला. त्याचा पाया ‘तकाफुल’, म्हणजे परस्पर मदतीचा. सगळे मिळून एका सामाईक निधीत वर्गणी टाकतात आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून मदत होते. यात कुणी कुणाला जोखीम विकत नाही, त्यामुळे नेहमीच्या विम्यावरचा आक्षेप इथे येत नाही.

मलेशियाने ‘कफाला’ हा करार वापरला. कफाला म्हणजे जामीनकी: ‘याने दिले नाहीत तर मी देईन.’ तिथली ठेव विमा संस्था पीआयडीएम ही जामीनकी शुल्क घेऊन देते. इस्लामिक बँकांचा निधी आणि साध्या बँकांचा निधी तिथे वेगळे ठेवले जातात, जेणेकरून व्याजाचा पैसा बिनव्याजी निधीत मिसळू नये. मर्यादा २,५०,००० रिंगिट. इस्लामिक आणि साध्या ठेवींना ती वेगवेगळी लागू होते.

मलेशियाने आणखी एक गोष्ट केली, जी समजून घेण्यासारखी आहे. २०१३ च्या कायद्याने तिथे ‘इस्लामिक ठेव’ आणि ‘गुंतवणूक खातं’ यांच्यात स्पष्ट रेघ ओढली. मुद्दल पूर्ण परत द्यायचं वचन असेल तर ती ठेव आणि तिला विमा. नफा-तोट्यात भागीदारी असेल तर ती गुंतवणूक आणि तिला विमा नाही. ठेवीदाराने आधी ठरवायचं: सुरक्षितता हवी की जोखमीसह जास्त परताव्याची शक्यता.

इंडोनेशियातही राष्ट्रीय शरिया मंडळाने २०१८ मध्ये इस्लामिक बँकांच्या ठेवींना हमी कशी द्यावी याबद्दल फतवा काढून मार्गदर्शन केलं. त्यामागचा विचार असा: हमी खुद्द भागीदार देत नाही, तिसरी संस्था देते. भागीदारानेच ‘तोटा होणार नाही’ असं वचन दिलं तर भागीदारीचा अर्थ जातो. पण बाहेरच्या कुणी जनहितासाठी जामीनकी घेतली तर हरकत नाही.

२०२१ मध्ये ठेव विमा संस्थांची जागतिक संघटना आणि इस्लामिक वित्तसेवा मंडळ यांनी मिळून इस्लामिक ठेव विम्याची मूलतत्त्वंही प्रसिद्ध केली. सांगायचा मुद्दा, ‘शरियतमुळे विमा शक्य नाही’ असं आता म्हणता येत नाही. वाट सापडलेली आहे. मग बीएमटी बाहेर का?

एकाच गल्लीतल्या दोन पाट्या

आपल्या भाजीवालीकडे परत येऊ. तिच्या बाजाराजवळ दोन कार्यालयं आहेत असं धरा.

एकावर पाटी आहे ‘बीपीआरएस’. ही छोटी ग्रामीण इस्लामिक बँक. आकाराने लहान असली तरी तिच्याकडे बँकेचा परवाना आहे आणि तिच्यावर ‘ओजेके’ या वित्तीय नियामकाची देखरेख आहे. ती एलपीएसची सदस्य आहे.

दुसऱ्यावर पाटी आहे ‘बीएमटी’. कामकाज जवळपास तेच. काही बीएमटी तर काही बीपीआरएसपेक्षा मोठ्या आहेत. पण नोंदणी सहकारी संस्थेची.

आता दोन्ही बंद पडल्या तर काय होईल?

पहिल्या पाटीचं उत्तर आपल्याला माहीत आहे, कारण तसं घडलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पूर्व जावामधल्या मोजोकर्तो शहराच्या प्रशासनाच्या मालकीच्या बीपीआरएसचा परवाना ओजेकेने रद्द केला. लगेच एलपीएसने ताबा घेऊन खाती तपासायला सुरुवात केली. कायद्यानुसार ही तपासणी ९० कामकाजाच्या दिवसांत संपवावी लागते, आणि पात्र ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने पैसे मिळू लागतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मध्य जावातल्या कुदुसमधल्या एका बीपीआरएसबाबतही हेच झालं. बँक गेली, पण छोट्या ठेवीदाराची बचत वाचवण्याची वाट कायद्यात आधीच आखलेली होती.

दुसऱ्या पाटीचं उत्तर वेगळं आहे. तिथे ठेवीदार कायद्याने ‘सभासद’ असतो, म्हणजे संस्थेचा एक मालक. संस्था अडचणीत आली की सभासदांची बैठक, संचालकांची आश्वासनं, कर्जवसुलीची वाट, नाहीतर कोर्ट. जी मालमत्ता विकून येईल त्यातून जे हाती लागेल ते. किती आणि कधी, हे कुणी सांगू शकत नाही. ज्या बाईने संस्थेचा ताळेबंद कधी पाहिलाही नाही, तिला अचानक कळतं की आपण ‘मालक’ आहोत आणि तोटाही आपलाच आहे.

मग बीएमटींना विम्यात घेतलं का नाही?

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. तीन टप्पे सांगता येतील.

पहिला टप्पा २०१२ चा. नव्या सहकार कायद्यात बचत-कर्ज सहकारी संस्थांसाठी स्वतंत्र ठेव हमी संस्था स्थापन करण्याची तरतूद होती. पण २०१४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने हा पूर्ण कायदाच रद्द केला. कारण ठेव विमा नव्हतं. सहकाराच्या मूळ भावनेपासून कायदा दूर गेला आहे, असा आक्षेप होता. कायदा गेला, त्यासोबत ही तरतूदही गेली आणि १९९२ चा जुना कायदा परत लागू झाला.

दुसरा टप्पा २०१३ चा. मायक्रोफायनान्स संस्थांसाठी वेगळा कायदा झाला आणि तो २०१५ पासून लागू झाला. त्यात या संस्थांवर ओजेकेची देखरेख आली. ठेवींच्या हमीसाठी स्थानिक प्रशासन आणि या संस्था मिळून वेगळी हमी संस्था उभारू शकतात, असंही त्यात म्हटलं. मात्र शब्द पाहा: ‘उभारू शकतात’. ‘उभारलीच पाहिजे’ असं नाही. शिवाय बहुतेक बीएमटी सहकार खात्याकडेच राहिल्या.

तिसरा टप्पा २०२३ चा. वित्तीय क्षेत्राचा मोठा सुधारणा कायदा आला. ज्या सहकारी संस्था सभासदांबाहेरच्या लोकांशी वित्तीय व्यवहार करतात, त्यांना ओजेकेच्या देखरेखीखाली आणायचं ठरलं. एलपीएसला नवीन कामही मिळालं. पण ते विमा कंपन्यांच्या पॉलिसीधारकांना संरक्षण देण्याचं, कायद्यानंतर पाच वर्षांनी सुरू होणारं. सहकारी संस्थांचे ठेवीदार याही वेळी बाहेर राहिले.

यामागे तीन व्यावहारिक अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत.

एक, देखरेख. विमा देणारा आधी विचारतो: या संस्थेचे हिशेब कोण तपासतं? काही हजार लहान-मोठ्या संस्था, कुठे चोख संगणकीय नोंदी तर कुठे वह्या. तपासणीशिवाय विमा दिला तर चांगल्या संस्थांच्या हप्त्यातून वाईट संस्थांचा तोटा भरला जाईल.

दोन, हप्ता. समजा एका बीएमटीकडे १० अब्ज रुपियांच्या ठेवी आहेत. बँकांच्या दराने वर्षाचा हप्ता २ कोटी रुपिया, म्हणजे साधारण एक लाख भारतीय रुपये. हा आकडा फार मोठा नाही. पण विमा हप्त्याबरोबर बँकांसारखं भांडवल, लेखापरीक्षण आणि अहवाल यांचा खर्चही येतो. रोज बाजारात माणूस पाठवणाऱ्या छोट्या संस्थेला हे ओझं पेलेलच असं नाही.

तीन, एकत्र बुडण्याचा धोका. एका भागात पूर आला, ज्वालामुखीचा उद्रेक झाला किंवा बाजार जळाला, तर तिथल्या सगळ्या बीएमटींचे कर्जदार एकाच वेळी अडचणीत येतात. त्याच भागापुरता निधी असेल तर तो एका फटक्यात संपतो. म्हणून निधी देशपातळीवरचा लागतो, आणि मागे सरकारचा हातही.

विमा नसला की काय होतं? तुर्कस्तानचा अनुभव

ही भीती काल्पनिक नाही. तुर्कस्तानात इस्लामिक पद्धतीने चालणाऱ्या संस्थांना तेव्हा ‘विशेष वित्तसंस्था’ म्हणत. साध्या बँकांच्या ठेवींना विमा होता, यांच्या खात्यांना नव्हता. युक्तिवाद तोच: इथे ठेवीदार नफा-तोट्याचा भागीदार आहे, मग विमा कशाला?

फेब्रुवारी २००१ मध्ये त्यातल्या सर्वांत मोठ्या ‘इहलास फिनान्स’चा परवाना नियामकाने रद्द केला. लाखोंच्या घरात खातेदार असलेली संस्था एका दिवसात बंद. त्या खातेदारांना पुढे वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने पैसे मिळण्याची वाट पाहावी लागली.

पण खरा धक्का इतरांना बसला. बाकीच्या विशेष वित्तसंस्थांनी काही चूक केली नव्हती. तरीही ‘आपल्यालाही विमा नाही’ हे लोकांना कळलं आणि तिथेही पैसे काढायला झुंबड उडाली. त्याच वर्षी या क्षेत्रासाठी हमी निधी उभारायचं ठरलं. २००५ च्या बँकिंग कायद्याने या संस्थांना ‘सहभागिता बँक’ असं नाव मिळालं आणि त्यांच्या ठेवी देशाच्या मुख्य ठेव विमा निधीत आल्या.

तत्त्व सांगतं की ठेवीदार भागीदार आहे. पण संस्थेच्या दारासमोर रांगेत उभा असलेला माणूस स्वतःला भागीदार समजत नसतो. त्याला आपले ठेवलेले पैसे परत हवे असतात.

इंडोनेशियात सहकारी संस्थांचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. २०२० मध्ये इंडोसूर्या ही बचत-कर्ज सहकारी संस्था पैसे परत करू शकली नाही. ती इस्लामिक नव्हती आणि तिचे ठेवीदार भाजीवालेही नव्हते. पण कायद्याच्या दृष्टीने ती बीएमटीच्याच वर्गातली, म्हणजे सहकारी. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार सुमारे २३ हजार लोकांचे १०६ लाख कोटी रुपिया त्यात अडकले. ठेव विमा नसल्यामुळे त्यांच्यापुढे कोर्टाचाच रस्ता उरला. २०२२ मध्ये सरकारने अशा आठ अडचणीतल्या सहकारी संस्थांसाठी कृती दल नेमलं. त्यात शरिया पद्धतीने नोंदलेली संस्थाही होती.

मधला मार्ग आहे का?

पूर्ण सरकारी विमा लगेच शक्य नसेल तर काय करता येईल, यावर इंडोनेशियात बरीच चर्चा झाली आहे. त्यातून तीन पर्याय पुढे येतात.

पहिला, शिखर संस्था. अनेक बीएमटी मिळून आपल्यातली एक मोठी संस्था उभी करतात. सगळ्या तिच्याकडे थोडी रक्कम ठेवतात आणि एखाद्या बीएमटीकडे अचानक पैसे काढणाऱ्यांची गर्दी झाली तर तिला तिथून तातडीची मदत मिळते. बीएमटींच्या अशा शिखर सहकारी संस्था आहेतही. पण हा विमा नाही. रोख रकमेची तात्पुरती चणचण यातून भागते. कर्जंच बुडाली असतील तर उसने पैसे देऊन भोक बुजत नाही.

दुसरा, तकाफुल पद्धतीचा परस्पर निधी. सुदानसारखं तत्त्व, फक्त सदस्य बीएमटी. शरियतच्या दृष्टीने हा पर्याय सहज बसतो. पण सदस्यत्व ऐच्छिक ठेवलं तर कमकुवत संस्था आधी येतात आणि मजबूत संस्था ‘आम्हाला काय गरज’ म्हणून बाहेर राहतात.

तिसरा, पायऱ्यांनी प्रवेश. ज्या बीएमटी मोठ्या झाल्या आहेत, ज्यांचे हिशेब दरवर्षी बाहेरचा लेखापरीक्षक तपासतो, त्यांना आधी घ्यायचं. विम्याची मर्यादाही लहान ठेवायची. भाजीवालीला २ अब्जांचं संरक्षण नको आहे. तिचे ६० लाख सुरक्षित असले की पुरे. मर्यादा लहान असली की हप्ताही लहान राहतो, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांची पूर्ण बचत वाचते.

या तिन्हींत तिसरा पर्याय भाजीवालीच्या सर्वांत जवळचा आहे. पण त्यासाठी आधी देखरेख घट्ट व्हायला हवी. विमा हा शेवटचा मजला आहे, पाया नाही.

हे आपल्याला कुठेतरी ऐकल्यासारखं का वाटतं?

कारण महाराष्ट्रातही पाट्यांचा हाच फरक आहे. नागरी सहकारी बँकेतल्या ठेवींना रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या डीआयसीजीसीचा विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मर्यादा १ लाख होती आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर मर्यादा वाढली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

पण हे सगळं बँकांसाठी. सहकारी पतसंस्था, मग ती गावातली असो की मल्टिस्टेट, डीआयसीजीसीच्या विम्यात येत नाही. भारतात स्वतंत्र इस्लामिक बँकिंग नाही. तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं रिझर्व्ह बँकेने ठरवल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. त्यामुळे बिनव्याजी कर्ज देणाऱ्या ज्या पतसंस्था आपल्याकडे आहेत त्या सहकार कायद्याखाली चालतात. त्यांच्या ठेवीदारांची स्थितीही इतर पतसंस्थांच्या ठेवीदारांसारखीच, आणि जावातल्या भाजीवालीसारखीच.

पैसे ठेवण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

संस्था कोणत्याही देशातली असो, इस्लामिक असो वा नसो, हे प्रश्न सगळीकडे लागू पडतात.

१. परवाना कशाचा आहे? नावात काय लिहिलंय ते नाही, नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते विचारा. ‘अर्बन’, ‘मल्टिस्टेट’, ‘शरिया’ हे शब्द विम्याची हमी देत नाहीत.

२. ठेव विमा आहे का, आणि कोणाचा? विमा संस्थेचं नाव विचारा. त्या संस्थेच्या वेबसाइटवर सदस्यांची यादी असते. तिथे स्वतः बघा.

३. माझे पैसे ठेव आहेत की गुंतवणूक? तोटा झाला तर मुद्दल कमी होऊ शकतं का, हे स्पष्ट विचारा. उत्तर गोलमोल मिळालं तर तेच उत्तर समजा.

४. हिशेब कोण तपासतं? शेवटचा लेखापरीक्षण अहवाल मागा. सभासद असाल तर तो तुमचा हक्क आहे.

५. सगळे पैसे इथेच आहेत का? विमा नसलेल्या ठिकाणी रोजची उलाढाल ठेवायला हरकत नाही. आयुष्यभराची पुंजी ठेवू नका.

बीएमटी वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. ज्यांना कुठलीही बँक दारात उभं करत नव्हती, त्यांच्या गाळ्यापर्यंत या संस्था गेल्या. रोज २० हजार रुपिया घ्यायला माणूस पाठवणं हे मोठ्या बँकेला कधी जमलं नसतं. म्हणूनच त्या २० हजारांची काळजी जास्त घ्यायला हवी. आज इंडोनेशियात इस्लामिक बँकेत कोट्यवधी ठेवणाऱ्याला ठेव विमा आहे आणि बीएमटीत थोडंथोडं साठवणारीला नाही. नियम बदलेपर्यंत तिच्याजवळ एकच साधन आहे: उद्या तो तरुण आला की पैसे देण्याआधी त्याला विचारणं, ‘तुमची संस्था बँक आहे का?’